मिरज ते खडकवासला

मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ मध्ये डॉ. वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल इथे सुरू झाले, तेव्हापासून कोकणातली, सोलापूरकडची आणि कर्नाटकातली माणसे आपापले दुखणे घेऊन आमच्या स्टेशनवर उतरत आली आहेत. दुखणे घेऊन मिरजेहून बाहेरगावी जाणारा माणूस मात्र विरळा. गेल्या जुलैत तो मान आम्हाला मिळाला. डॉक्टरी कागदांची जाडजूड फाईल घेऊन आम्ही कोयना एक्सप्रेसने पुण्याला निघालो. सोबत आमच्या बेगम आणि आमचा भाचा. फाईल भाच्याची, आणि भाचा म्हणाल तर ठणठणीत. रोज फजरनंतर आठ किलोमीटर पळतो. त्याचे फक्त नाक दाखवायचे होते.

भाच्याचे घर सतारमेकर गल्लीत. वाचकांपैकी ज्यांनी ही गल्ली पाहिली नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावी. दारादारात पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे वाळत टांगलेले, तुणीच्या लाकडाचा वास, आणि कुठे तरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडली जातेय. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम बसले, तेव्हा १८५० च्या आसपास याच हातांनी सतार आणि तंबोरा घडवायला घेतला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे दुल्हेभाई, म्हणजे भाच्याचे वडील, या कामातले जाणते. जवारी काढण्यात, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा आवाज मोकळा करण्यात, त्यांचा हात धरणारे गल्लीत फार नाहीत. त्यांच्या तीन मुलांत कान फक्त धाकट्याला. आणि नेमक्या या धाकट्यानेच आठवीत असल्यापासून भिंतीवर एनडीएचे चित्र लावून ठेवलेले.

मागच्या वर्षी बारावीत असताना त्याने एप्रिलची परीक्षा दिली. गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० असे ९०० गुणांचे पेपर. त्यात पास झाला. मग एसएसबी, म्हणजे पाच दिवसांची निवड मुलाखत. तिलाही ९०० गुण. पहिल्याच दिवशी बहुतेक मुले घरी पाठवतात. उरलेल्यांना चित्रांवरून गोष्टी लिहायला लावतात, दोऱ्या-फळ्यांनी ओढे ओलांडायला लावतात, तासभर प्रश्न विचारतात. शेवटच्या दिवशी छातीवरचे नंबर पुकारले, त्यात याचा नंबर होता. आपांनी गल्लीभर पेढे वाटले. आठवडाभरात लष्करी रुग्णालयातली तपासणी संपली आणि एक कागद हातात आला. नाकातला पडदा एका बाजूला वाकलेला, श्वासाला अडथळा, सबब तात्पुरता अनफिट.

पेढे वाटून झाल्यावर असा कागद घरात येतो तेव्हा काय होते, हे आम्ही पाहिले आहे. कुणी तो वाचत नाही. ‘अनफिट’ एवढा एकच शब्द घरभर फिरत राहतो. खरे तर त्याच कागदाबरोबर पुढचा रस्ताही सांगितलेला असतो. अपील करायचे, कोणत्या लष्करी रुग्णालयात जायचे, आणि ४२ दिवसांच्या आत जायचे. आम्ही पेशाने मास्तर, त्यामुळे सूचना आधी वाचायची खोड. आम्ही कॅलेंडरवर ४२ वा दिवस लाल शाईने घेरला. ऑपरेशन मिरजेतच झाले. डॉक्टर हुशार होते, पण नाकाच्या आतली जखम काही तारीख पाहून भरत नाही. अपीलाच्या बोर्डाने नाकात पाहिले आणि जखम पूर्ण भरली नसल्याचे लिहून पुन्हा अनफिट ठरवले. त्यानंतर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड असतो. तो पुण्याच्या एएफएमसीत किंवा दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात होतो. पण तो हक्क नव्हे. मागायचा असतो, आणि प्रकरणात दम असेल तरच मिळतो. बोर्डाने लिहिले ते खरे होते. मग कशाच्या जोरावर मागणार?

आता राहिला पुन्हा अर्ज करण्याचा मार्ग. तो भांडून मिळवावा लागत नाही. एका कोर्सच्या मेडिकलमध्ये नापास झालेल्या मुलाला पुढच्या कोर्सचा दरवाजा बंद होत नाही, वय बसत असले म्हणजे झाले. मात्र मागची कमाई पुढे येत नाही. लेखी पुन्हा, एसएसबी पुन्हा, मेडिकल पुन्हा. एकदा ‘रेकमेंडेड’ झालेल्या मुलालाही पहिल्या दिवशी नव्या मुलांच्या रांगेत बसावे लागते. सप्टेंबरची परीक्षा त्याने दवाखान्याच्या चकरांतच दिली आणि गणितात गेला. या वर्षीची एप्रिलची परीक्षा शेवटची होती. कोर्स सुरू होताना वय साडेएकोणीसच्या आत लागते. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स जानेवारीत सुरू होतो, म्हणून २ जुलैच्या आधी जन्मलेला चालत नाही. आमचा भाचा १९ जुलैचा. आपांना बाळंतपणाला उशीर झाला म्हणून तेव्हा सगळे घाबरले होते. आता तेच दिवस कामी आले.

एप्रिलची लेखी तो पास झाला. एसएसबीची तारीख आली. त्याआधी नाक एकदा जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे, म्हणून हा पुण्याचा प्रवास.

मिरज-पुणे लोहमार्ग पावसाळ्यात पाहावा. किर्लोस्करवाडीपर्यंत उसाचे रान, कराडला नद्यांचे गढूळ पाणी, साताऱ्यापासून डोंगर जवळ येतात आणि वाठार सुटले की आदर्कीच्या घाटात बोगदे सुरू होतात. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा भाचा दारात जाऊन उभा राहिला. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथे निघाली, आणि अपशिंगे हे घरटी फौजी असलेले गावही याच जिल्ह्यात. आमच्या समोर बसलेल्या कोरेगावच्या आजींनी विचारले, “पोरगं कुठं भरती होतंय?” त्याने सांगितले. आजींना एनडीए ठाऊक होते, पण मेडिकलची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, “आमच्या नातवाला दातासाठी काढला.” दातांचे खरेच असते. कमीत कमी १४ डेंटल पॉइंट लागतात, आणि दात किडवून घेतलेल्या मुलांना ते भरत नाहीत. बेगमनी लगेच भाच्यापुढचा लाडूंचा डबा मागे घेतला.

पुण्यात मुक्काम बेगमच्या मावसबहिणीकडे, कोंढव्याला. डॉक्टर कॅम्पात बसतात. लष्करातून निवृत्त झालेले, कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. नाव लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. बाहेर बाकावर आमच्यासारखीच चार-पाच कुटुंबे होती. एक नगरचा मुलगा कानातल्या मळासाठी, एक जण वजनासाठी, एक नुसता धास्तीपोटी आलेला.

डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि भाच्याच्या नाकाखाली एक थंड स्टीलची पट्टी धरली. “श्वास सोड.” पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले. त्यांनी आम्हाला जवळ बोलावून ते दाखवले. दोन्ही सारखे. मागच्या वर्षी डावीकडे जेमतेम ठिपका उमटला असता, म्हणाले. मग दिवा लावून आत पाहिले. जखमेचा मागमूस नव्हता.

“हे माझे मत झाले,” त्यांनी बजावले. “मी फिट म्हटले म्हणून बोर्ड बांधील नाही. आणि ऑपरेशन लपवायचे नाही. फॉर्मवर विचारतात, तिथे तारखेसकट लिही. कागद सोबत ने. एसएसबीच्या फॉर्मवरही मागच्या वेळी काय झाले ते विचारतात. सरळ सांग. लपवाछपवी त्यांना नाकापेक्षा लवकर दिसते.”

उठता उठता आम्ही तो प्रश्न विचारला, ज्यासाठी खरे तर आम्ही मिरजेहून आलो होतो. नाक तपासायला मिरजेत काय डॉक्टर नव्हते? पण गेले वर्षभर दुल्हेभाईंनी एक गोष्ट मनात धरली होती. पोर लहानपणापासून कारखान्यात खेळले, तुणीचा भुसा नाकातोंडात गेला, त्याने नाक वाकले. कुणी तसे म्हटले नव्हते, त्यांनीच ठरवून टाकले होते. ऑपरेशनच्या दिवशी ते दवाखान्यात आले नाहीत. दिवसभर कारखाना धूत बसले होते. त्यानंतर भाच्याला त्यांनी पटाशीला हात लावू दिला नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी समजावले, पण ते म्हणत, “गाववाला आहे, मन राखायला बोलतोय.”

डॉक्टर हसले नाहीत, हे आम्हाला फार बरे वाटले. म्हणाले, “भुशाने शिंका येतात, सर्दी होते. हाड वाकत नाही. हा पडदा काहींचा जन्मतःच वाकडा असतो, काहींचा लहानपणी तोंडावर आपटल्याने वाकतो. थोडाफार वाकडा तर कितीतरी जणांचा असतो. लावा त्यांना फोन.” आणि त्यांनी स्वतः दुल्हेभाईंशी बोलून हेच सांगितले. पलीकडून बराच वेळ काही आवाज नव्हता. मग दुल्हेभाईंनी विचारले, “डॉक्टरसाब, कान कसे आहेत त्याचे?” डॉक्टर म्हणाले, “उत्तम.” “मला माहीत आहे,” दुल्हेभाई म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी खडकवासला. एनडीएच्या आत जायला आधी परवानगी काढावी लागते. आमच्याकडे ती नव्हती, आणि भाच्यालाही नको होती. “आत जाईन तर पेटी घेऊनच,” असे त्याचे म्हणणे. म्हणून उत्तमनगर, शिवणे करत बसने कोंढवे-धावड्यापर्यंत गेलो. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहून आतली झाडी पाहिली. सायकलवरून एक शिपाई बाहेर आला, त्याने एकदा भाच्याकडे पाहिले आणि हसून मान हलवली. अशी मुले त्याला रोज दिसत असणार.

तिथून रिक्षाने धरणावर आलो. जुलैत खडकवासल्याचे धरण पुणेकरांची जत्राच असते. दरवाजे उघडले की मुठेत फेसाळ पाणी कोसळते आणि काठावरच्या चौपाटीवर कणसे भाजणाऱ्यांची रांग लागते. याच जुलै महिन्यात, १२ तारखेला, १९६१ मध्ये पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही गेला आणि पुण्यात हाहाकार उडाला. आज ते पाणी इतके शांत दिसते की नव्या माणसाला खरे वाटू नये. पाण्यापलीकडे हिरवे डोंगर, आणि त्या काठाला एनडीएची हद्द.

भाच्याला सगळे पाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजा पूर्व आफ्रिकेत लढल्या, सुदानच्या रक्षणासाठी कामी आल्या. त्या कृतज्ञतेपोटी १९४१ मध्ये सुदानच्या सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले सत्तर हजार आले आणि तो पैसा अकादमीच्या मुख्य इमारतीला लागला, म्हणून तिचे नाव सुदान ब्लॉक. काळा बसॉल्ट आणि जोधपूरचा तांबडा दगड. मुंबई सरकारने जमीन दिली. पायाभरणी नेहरूंच्या हस्ते ६ ऑक्टोबर १९४९ ला झाली आणि डेहराडूनला सुरू झालेली संस्था १९५५ च्या जानेवारीत रीतसर इथे नांदू लागली. तिन्ही दलांची मुले तीन वर्षे एकत्र शिकतात. २०२२ पासून मुलीही आहेत. पहिल्या तुकडीत १९ जणी आल्या, त्यातल्या १७ जणींनी २०२५ च्या मे महिन्यात संचलन केले. हे ऐकताना बेगमनी आमच्याकडे पाहिले. आमची लेक नववीत आहे आणि तिला भाच्याच्या भिंतीवरचे चित्र फार आवडते. आम्ही कणीस खात राहिलो.

सुदानची गोष्ट आम्हाला वर्गात सांगायला फार आवडेल. मरण पावलेल्या सैनिकांची आठवण म्हणून कुणी परक्या मुलखातून पैसे पाठवतो आणि त्यातून मुलांना शिकवण्याची इमारत उभी राहते. नुसत्या स्तंभापेक्षा हे किती बरे!

चौपाटीवर भाच्याने एक विषय काढला, जो त्याने वर्षभर काढला नव्हता. गल्लीत काही जण त्याला म्हणाले होते, “नाक हे निमित्त. आपल्या पोरांना घेत नाहीत.” तो म्हणाला, “मामू, मी तिथे होतो. माझ्या बरोबर हरियाणाचा एक मुलगा रंग ओळखण्यात गेला, केरळचा एक गुडघे जुळतात म्हणून गेला, आणि आमच्यातला सगळ्यात दांडगा पोरगा वजनासाठी गेला. प्रत्येकाच्या कागदावर कारण लिहिलेलं होतं. माझ्याही कागदावर होतं, आणि ते खरं निघालं. मी लोकांना काय सांगू?”

आम्ही म्हणालो, हेच सांग. ब्रिगेडियर उस्मान नौशेरा-झांगडला लढता लढता ३ जुलै १९४८ ला शहीद झाले. इद्रिस हसन लतीफ हवाई दलाचे प्रमुख झाले आणि पुढे आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल. पण ही नावे घोकून काही होत नाही. आमच्या शाळेत वीस वर्षे शिकवताना एनडीएचा फॉर्म भरलेली मुले आम्ही एका हाताच्या बोटांवर मोजली आहेत. फॉर्म न भरणाऱ्याला कुणी नाकारलेले नसते, आणि घेतलेलेही नसते. राज्य सरकारची संभाजीनगरची पूर्वतयारी संस्था १९७७ पासून चालू आहे, मुलींसाठी आता नाशिकला आहे, ही गोष्ट सांगितली की निम्म्या पालकांना ती नवी असते. आणि तपासणीचे म्हणाल तर दात, कान, नाक, रंगांची ओळख, गुडघे, वजन हे सगळे दहावीतच गावच्या डॉक्टरला दाखवता येते. भाच्याचे नाक दहावीत कुणी पाहिले असते तर मागच्याच वर्षी तो त्या काठाला असता.

कुणी तरी कलामसाहेबांची गोष्ट काढतेच. त्यांनाही हवाई दलात घेतले नाही, पुढे राष्ट्रपती झाले. बेगमनी ती काढली. भाचा अदबीने म्हणाला, “मुमानी, मला राष्ट्रपती नाही व्हायचं.”

दुपारी जीपने सिंहगडावर गेलो. वर ढग इतके की समोरचा माणूस दिसेना. एका मावशींच्या झोपडीत पिठले, भाकरी आणि मडक्यातले दही खाल्ले. असरच्या सुमारास वारा सुटला आणि क्षणभर खाली सगळे उघडले. धरणाचे पाणी, पलीकडचा काठ, दाट झाडी. भाच्याने खिशातून मोबाइल काढला नाही, नुसता पाहत राहिला. मग पुन्हा ढग आले. मावशी म्हणाल्या, “थांबा अजून, परत उघडंल.” तो म्हणाला, “नको, दिसलं तेवढं बास.”

परतल्यावर मगरिबनंतर आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो. कारखान्यात दिवा चालू होता. दुल्हेभाई एका तंबोऱ्याच्या घोडीवर काम करीत होते. भाच्याला त्यांनी काही विचारले नाही, कानसच पुढे केली. तो बसला, घोडीच्या माथ्यावरून दोन हात फिरवले आणि तार छेडली. आवाज जरा बंद येत होता. “आणखी थोडे,” दुल्हेभाई म्हणाले. वर्षभराने दोघे एका तंबोऱ्यावर बसले होते. आपा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आणि आम्ही चहा मागायचे विसरून तिथेच उभे राहिलो.

एसएसबीचे केंद्र या वेळी भोपाळ आहे. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट जाते. फाईलमध्ये ऑपरेशनचे कागद आम्ही तारखेप्रमाणे लावून दिले आहेत. भाचा एकटाच जाणार होता, मागच्या वेळीही एकटाच गेला होता. दुल्हेभाईंनी परवा स्टेशनवर जाऊन आरक्षण केले. तिकिटे दोन आहेत.